मोरबीच्या भट्टीचा हेवा

मित्रांनो, मी मोरबीची, कौले भाजणारी एक म्हातारी भट्टी. आणि स्वभावाने हेवेखोर.

धरमशीबापांनी मला बांधले. जाळाचा रंग पाहून ते लाकूड घालीत. आमच्या गल्लीत पाच भट्ट्या. पण न तडकलेली कौले फक्त माझीच. शेजारच्या भट्टीचे वेलजीभाई त्याचे गुपित विचारायचे, तेव्हा बापा मिशीत हसायचे. मीही ताठ असायची.

पुढे बापांची नजर गेली आणि जाळाचा रंग दिसेना. माझी निम्मी कौले तडकू लागली. कामगार एकेक करून निघून गेले.

बापांची मुलगी रळियात मातीकामाचे शिक्षण घेऊन आली. तिने माझ्या पोटात उष्णता मोजायची नळी घातली आणि वही उघडली. बापांना खोदून खोदून विचारायची, लिहायची. त्या वहीचा मला मत्सर वाटे. घाम मी गाळायचा आणि मांडीवर मात्र ती! सात वेळा कौले बिघडली. आठव्या वेळी खणखणीत निघाली.

दुसऱ्याच दिवशी वेलजीभाई दारात. "बेन, आम्हालाही सांग की."

बापा कडाडले, "खबरदार! देऊन टाकलंस तर आपल्याकडे काय उरेल?"

"बापा, तुमच्या डोळ्यातलं डोळ्यातच राहिलं, म्हणून तर ही भट्टी विझायला आली होती," रळियात म्हणाली आणि तिने वही वेलजीभाईंच्या हाती ठेवली.

माझा नुसता जळफळाट झाला.

महिन्याभराने वेलजीभाई वही परत घेऊन आले. "बेन, एक ओळ मी घातलीय. कच्ची कौलं दोन दिवस जास्त वाळव. लाकूड कमी लागतं."

खरेच कमी लागले. मग बाकीच्या तिघांनीही आपापल्या ओळी घातल्या. पाचही भट्ट्यांचा माल चांगला निघतो म्हटल्यावर दूरदूरचे ट्रक गल्लीत येऊ लागले. गेलेले कामगार परतले आणि नवेही आले. बापा आता ओट्यावर बसून येईल त्याला जाळाच्या गोष्टी सांगतात.

मित्रांनो, माझी डागडुजी करा, असे मी म्हणणार नाही. विटा कधीतरी ढासळणारच. पण तुमच्या घरात ज्यांना काही येते, त्यांच्याजवळ बसा. विचारा, लिहून घ्या आणि शेजाऱ्यालाही द्या. देताना पोटात दुखेल, दुखू द्या. आमच्या पाच भट्ट्यांचा धूर वर जाऊन एक होतो. त्यातला माझा कोणता, हे आता कुणालाच सांगता येत नाही. मला अजून दुखते.