खोकेल तो घरी

घळीपलीकडचा गुराखी गाढवाला शिव्या घालतो, त्या अलीकडे शाळेत स्पष्ट ऐकू येतात.

खिडक्यांच्या फटींत कोंबलेलं गोणपाट.

एका घोंगडीत दोन मुली. तिसरी आत शिरू पाहतेय.

तीस घशांसाठी पाण्याचा एकच मग.

बाजारात शेजारच्या गावचे लोक भेटले, की त्यांच्या शाळेनं गाण्यात जिंकलेली ढाल कशी चकाकते तेवढंच सांगतात.

ती ढाल म्मे माकेलेलोच्या डोळ्यांत खुपत होती. मोखोत्लोंगच्या डोंगरातल्या शाळेत ती गाण्याची म्मे, म्हणजे बाई, होती, आणि दोन आठवड्यांनी शनिवारी समूहगानाची स्पर्धा होती. थंडीनं मुलांचे आवाज बसू नयेत म्हणून तिनं वर्ग गच्च बंद केला, शेगडी पेटवली आणि सगळ्यांना खेटून उभं केलं. बघता बघता निम्मं पथक फ्लूनं खोकायला लागलं.

दवाखान्यातले त्सेलिसो, सगळ्यांचे न्ताते म्हणजे बाबा, घोड्यावरून आले. दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरले.

"म्मे, गाणं शिकवताय की खोकला?"

मग त्यांनी समजावलं. थंडीचा दोष नाही, मुलं एकमेकांच्या तोंडावर खोकतायत. खिडक्या उघडा, तालीम अंगणात घ्या, मध्ये अंतर ठेवा, ज्याचा त्याचा मग वेगळा, आणि खोकेल तो बरा होईपर्यंत घरी. माकेलेलोनं विचारलं, मग स्पर्धेला मी आणि माझी शेगडी जाऊ का? न्ताते म्हणाले, शेगडी निदान सुरात तरी राहील.

नियम ठरला, आणि पहिलीच घरी गेली ती मुख्य गाणारी पाबालो. माकेलेलोनं ढालीची आशाच सोडली.

पण पाबालोचं घर घळीपलीकडे होतं. मुलं अंगणात लांब लांब उभी राहून गायला लागली, तशी पलीकडच्या उंबऱ्यातून, घोंगडी पांघरून, तिनं आपली ओळ उचलली. जरा घोगरी, जरा उशिरा. तिचा आवाज पोहोचेपर्यंत मुलं थांबायला शिकली, आणि थांबता थांबता एकमेकांचं ऐकायला लागली. माकेलेलोनं वर्षभर घसा कोरडा करूनही हे जमलं नव्हतं. आजारी मुलं एकेक करून परतली. नवीन कुणी पडलं नाही.

शुक्रवारी पाबालोही आली. तालीम रंगात आली आणि माकेलेलो खोकली. घसा खाकरल्यासारखं करून तिनं पुन्हा हात वर केला. पुन्हा खोकली. आता कुणी गाईना.

"म्मे," पाबालो म्हणाली, "तुम्हीपण घरी."

"अगं, उद्या स्पर्धा आहे."

"मीपण हेच म्हटलं होतं. तुम्ही ऐकलंत?"

घशात धूळ गेली, अंग गरम नाही, तिनं बरंच काही सांगून पाहिलं. शेवटी तिनं घोंगडी खांद्यावर ओढली आणि चालू लागली.

शनिवारी स्पर्धेला निघालेली मुलांची गाडी तिच्या दारावरून गेली. काचा उघड्या, आत गाणं चाललेलं. ती अंथरुणातून हातानं ताल धरत होती. गाडी वळणाआड गेली तरी धरत राहिली.

संध्याकाळी मुलांनी ढाल तिच्या उंबऱ्याबाहेर ठेवली आणि सगळी मागे सरून उभी राहिली. माझ्या जागी समोर कोण उभं होतं, असं तिनं आतूनच विचारलं. सगळ्यांनी पाबालोकडे बोट दाखवलं.

पाबालो नऊ वर्षांची आहे.