चैतीच्या गोळ्या

चैतीच्या दहाव्याला नर्सबाई आल्या होत्या. जेवून हात पुसताना मला म्हणाल्या, "लोहाच्या गोळ्या नीट खाल्ल्या असत्या तर आज असती." माणसं बसलेली होती. मी पुढच्या पंगतीची पानं मांडली.

चैती, माझी बायको, गोळ्या खात होती. शौचाला काळं व्हायचं, मळमळायचं, तरी खायची. नर्सबाईंचा विश्वास नव्हता. सूर्यमाळला आमच्या पाड्यावर आल्या की सगळ्या बायांसमोर तिला उभी करायच्या. "आ कर. जीभ वर कर. गिळलीस का फेकलीस?" बाया हसायच्या. रक्त काही वाढत नव्हतं.

तिचे सांधे सुजायचे. सकाळी मूठ मिटत नसे, म्हणून नागलीचं पीठ मी मळायचो. शेजारची लाडकी म्हणायची, "चैते, नवरा भाकरी थापतो, तू काय राणी हायेस?" नर्सबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "काम करून दुखतं."

धाप लागली तेव्हा तिला नाशिकला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी तिची बोटं पाहिली. तपासण्या झाल्यावर आम्हाला बसवून सांगितलं. सूज सांध्यातच राहत नाही. त्या सुजेतून रसायनं रक्तात उतरतात. हाडाच्या आत मगज असतो, रक्त तिथं तयार होतं. ती रसायनं तिथलं काम मंद करतात. शिवाय अंगातलं लोह साठ्यात अडकवून ठेवतात, मगजापर्यंत पोचू देत नाहीत. आधी सूज उतरवायला हवी होती.

"म्हणजे मी गोळ्या खात होते ना?" चैतीने विचारलं.

"खात होता. साठा भरलेला दिसतोय."

"मग एवढं आमच्या पाड्यावर येऊन सांगा."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, गंमत करतेय. औषध सुरू झालं, पण तिच्या छातीत कफ भरला आणि ती तिथंच गेली.

भातकापणीनंतर नर्सबाई पुन्हा आल्या. माझ्या मुलीचं, नवशीचं, रक्त कमी निघालं होतं.

"आईसारखी गोळ्या फेकतेस ना? आ कर."

नवशीने तोंड उघडलं.

"तोंड मिट," मी म्हणालो. "हात पुढं कर." तिची बोटं फुगलेली होती. "बाई, हिची मूठ मिटते का बघा."

नर्सबाईंनी पाहिलं. "काम करून होतं तसं," म्हणाल्या, आणि गोळी पुढं केली.

मी नवशीला घेऊन नाशिकला जायच्या जीपकडे निघालो.