शंभर किलोवाली

शनिवारी सकाळी पालघरच्या त्या भल्यामोठ्या मंडपात शिरल्यापासून जमुना तरेला फक्त एक खुर्ची हवी होती. खुर्च्या पुष्कळ होत्या, पण प्रत्येकीवर प्रोटीन पावडरीचे डबे मांडलेले. माणसांनी उभं राहायचं आणि डब्यांनी बसायचं, असा तिथला कारभार होता. त्यात कानठळ्या बसवणारं संगीत आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी जमिनीवर वजन आदळायचं. तिच्या गावी, मुरब्यात, होडी किनाऱ्याला ओढताना चाळीस माणसं मिळून एवढा आवाज करत नसत.

ताकदीच्या खेळांचा हा दोन दिवसांचा महोत्सव. जमुना बोईसरच्या ज्या जिममध्ये आठवड्यातून तीनदा जायची, तिथल्या दोघांनी तिला गाडीत घालून आणलं होतं. एक हेतल, जिमची कोच, पस्तिशीची, बोलण्यात अर्धी गुजराती. दुसरा सुजीत, एका कारखान्यात फिटर, मूळचा साताऱ्याकडचा. जिममध्ये दोघंही शहाण्यासारखी वागत. इथे मात्र जत्रेत हात सुटलेल्या पोरांसारखी झाली होती. हेतल प्रत्येक दुकानापुढे थांबून इवल्याशा कागदी पेल्यातून कसलंसं गुलाबी पाणी पीत होती आणि सुजीत लोखंडी कांब हाताने वाकवायच्या रांगेत उभा होता.

"आंटी, हे ट्राय करा ना! आंबा फ्लेवर!"

"आंबा मी झाडाचा खाते," जमुना म्हणाली. "तुजा तो हितेश कुठं हाय? त्याला विचार, उद्याचं कितीला हाय ते. माजा गुडघा दोन दिवस उबा राहायचा नाय."

उद्याचं म्हणजे तिचा सत्कार. हितेश हा महोत्सवाचा आयोजक. त्याला कुठूनसं एका जुन्या स्थानिक साप्ताहिकातलं कात्रण सापडलं होतं. त्यात फोटो होता: साडीचा काष्टा मारलेली, दात-ओठ खात वाकलेली एक बावीस वर्षांची मुलगी, हातात वजनांचा दांडा. म्हणून रविवारी संध्याकाळी 'जिल्ह्यात शंभर किलो उचलणारी पहिली महिला' असा सत्कार ठरला. तेव्हा आपला जिल्हा ठाणा होता हे जमुनेने त्याला दोनदा सांगितलं. त्याने दोनदा मान हलवली आणि निमंत्रणावर पालघरच छापलं.

ते साल चौऱ्याऐंशी. जमुना तेव्हा बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. शेजारच्या ओतकामाच्या फाउंड्रीतल्या पोरांनी शेडच्या मागे, ताडांच्या सावलीत, वजनं उचलायची जागा केली होती. वजनं त्यांनी स्वतःच ओतलेली. दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची, पट्टे थांबायचे, झेंडूच्या माळा लागायच्या, कामगारांची बायकापोरं यायची. त्या दिवशी पैज लागली. दांडा वीस आणि वीस-वीसच्या चार चकत्या. तिघा बाप्यांनी सोडून दिलं आणि जमुनेने ते मांड्यांपर्यंत उचलून, गुडघे ताठ करून, सगळ्यांकडे एकदा बघून मगच खाली ठेवलं.

त्या दिवसापासून ती शंभर किलोवाली. नवरा समुद्रात बुडून गेला तेव्हा दीर म्हणाले, बाईला मासळीचा धंदा झेपायचा नाही. ती म्हणाली, शंभर उचललेत मी. मुलीच्या शाळेत, दवाखान्यात, बाजारात जागेसाठी भांडताना, जिथे तिथे तिने हेच वाक्य पुढे केलं होतं, आणि ते म्हणताना तिची मान एकदाही खाली गेली नव्हती.

मंडपाच्या एका कोपऱ्यात हितेशने 'जुन्या काळची ताकद' असं नाव देऊन मुद्गल, करेला ही तालमीतली लाकडी साधनं आणि त्याच चार काळ्या चकत्या मांडल्या होत्या. चकत्यांबरोबर त्यांचा कर्ताही होता. चिंधू. फाउंड्रीत सतरा वर्षं साचे भरणारा, मनोरच्या पुढच्या पाड्यावरचा. आता सत्तरीला टेकलेला, तरी खांदे तसेच.

"ये जमना," तो म्हणाला. "म्हातारी झालीस."

"तू काय वयात आलास? खुर्ची दे."

त्याने खुर्ची दिली. दोन तासांत तिला पहिल्यांदा बरं वाटलं, आणि तेवढ्यात सुजीत आला. शेजारच्या दुकानात स्पर्धेची नवीकोरी वजनं विकायला होती आणि आपली वजनं दहा ग्रॅमनेही चुकत नाहीत हे दाखवायला दुकानदाराने मोठा इलेक्ट्रॉनिक काटा ठेवला होता. फिटर माणसाला काटा दिसला की हात शिवशिवतात. सुजीतने चिंधूची एक चकती उचलली आणि काट्यावर ठेवली.

एकोणीस पॉइंट चार.

"काटा बिगडलाय तुजा," जमुना म्हणाली.

दुकानदाराने स्वतःची चकती ठेवली. वीस, पॉइंट शून्य शून्य. मग सुजीतने बाकीच्या तीन एकामागून एक ठेवल्या. एकही वीस भरेना. हेतलने मोबाइलवर बेरीज केली.

"चारींचे सत्त्याहत्तर पॉइंट तीन. दांडा वीस धरला तर... आंटी, सत्त्याण्णव पॉइंट तीन! तरी पण खूप छान आहे ना!"

जमुनेने तिच्याकडे असं पाहिलं की हेतलने मोबाइल खिशात घातला.

"ह्या ओतल्या कशा होत्या, काका?" सुजीतने विचारलं.

"कॉलनीच्या व्यायामशाळेतनं एक खरी चकती आनली एका रातीसाठी," चिंधू म्हणाला. "तीच मातीत दाबली. चार टायमाला."

"खऱ्या चकतीचाच साचा? अहो, लोखंड थंड होताना आटतं की! साचा मोठा घ्यावा लागतो."

"म्हाइत हाय."

जमुना खुर्चीतून उठली. गुडघा कळवळला, तिला कळलंही नाही. "कवापासून म्हाइत हाय?"

"तवापासून."

"चिंध्या! चाळीस वर्सं मी गावभर शंभर-शंभर करत फिरले आन् तुला म्हाइत होतं?"

"वरडू नको. लोक बगतात. म्हाइत होतं म्हणून तर दांडा जड घेतला. गिरणीच्या भंगारातला शाफ्ट. हातात धरून बगितला, वीसच्या वर दोन-अडीच होता. आटलं तेवडं तिकडं भरून काडलं."

"तोललास?"

"कशावर तोलू? तुमच्या मासळीबाजारातल्या मावऱ्याच्या तराजूवर?"

"आन् हाय कुठं तो दांडा?"

चिंधूने मान खाजवली. "घरला. शेळ्यांच्या गोठ्याला अडसर लावलाय."

तेवढ्यात हितेश आला. गळ्यात दोन ओळखपत्रं, हातात तीन फोन. प्रकार ऐकून तो हसला. "काकी, कशाला टेन्शन घेता? कुणाला कळणार आहे? ट्रॉफीवर शंभर कोरून पण झालंय."

"मला कळलंय ना," जमुना म्हणाली. "उद्या तू माइकवर शंभर म्हणशील आन् मी खाली मान घालून उबी राहू? सुजीत, गाडी काड. दांडा आनायचा."

गाडी निघायला दीड तास गेला. हेतलला ट्रक ओढणाऱ्या कुणा आडदांड गड्याबरोबर फोटो हवा होता. फोटो झाला तर डोळे मिटलेले निघाले, म्हणून परत रांग. मग तिची खायची वेळ झाली. दर तीन तासांनी तिला उकडलेली अंडी आणि रताळं लागायचं, आणि ते ती वर्गात तास घेतल्यासारखं वेळ बघून खायची. सुजीत मधेच गायब झाला आणि कांब वाकवून मिळालेला टीशर्ट घालून परतला.

"मावशी, माझा दुसरा नंबर आला!"

"गाडीत बस."

पाड्यावर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. गोठ्याच्या दाराला दांडा आडवा लावलेला, तांबडालाल, आणि आत दहा-बारा शेळ्या. समोर चिंधूची बायको चिमी कमरेवर हात ठेवून उभी.

"दांडा नाय मिलायचा," ती म्हणाली. "शेल्या काय तुमची जमना राखनार?"

"चिमे, एका दिवसाचं काम हाय," चिंधू म्हणाला.

"दांड्यानं चाळीस वर्सं शेल्या सांबाळल्या. तुमचा शंभर कुनी सांबाळला? तो बी धड नाय म्हने."

जमुनेला ते लागलं. शेवटी सुजीतने नव्या टीशर्टातच बांबू तोडला, छिलला, मापाला आणला. चिमीने तो तीनदा हलवून पाहिला तेव्हा दांडा सुटला. साडेसात फुटांचा दांडा गाडीच्या खिडकीतून बाहेर काढून, टोकाला लाल फडकं बांधून, मंडळी परत निघाली. दांडा मांडीवर घेऊन चिंधू मागे बसला. जमुना मुद्दाम पुढे बसली, त्याच्याकडे पाठ करून. काटा बंद झाला असणार, म्हणून दांडा रात्री सुजीतकडेच ठेवायचा ठरलं.

रविवारी सकाळी ती मुरब्याहून एसटीने आली. मंडपाच्या दारातच सुजीत उभा, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"मावशी, डोळे मिटा!"

"काय झालं ते सांग."

त्याने फडकं बाजूला केलं. दांडा चांदीसारखा झळकत होता. "काल घरी गेल्यावर वायरब्रश घेतला, मग पॉलिश पेपर. तीन तास घासलाय. काय सुंदर पोलाद आहे हो! पार तांबूस चिखल झाला होता वर."

जमुनेने कपाळाला हात लावला. जिमच्या माणसांचं हे असंच. दांडा दिसला की पुसायचा, घासायचा, तेल लावायचा. देवाची मूर्ती परवडली.

काट्याभोवती आता बरीच गर्दी झाली होती. दुकानदाराने दांडा आडवा ठेवला. आकडे हलले आणि थांबले.

बावीस पॉइंट पाच.

चिंधू हसला. कधी नाही ते त्याचे दात दिसले. चाळीस वर्षांपूर्वी हाताने केलेला अंदाज होता तो. हेतलने बेरीज केली, आणि यावेळी नुसता मोबाइल जमुनेपुढे धरला.

नव्व्याण्णव पॉइंट आठ.

"परत तोल," जमुना म्हणाली.

परत तोललं. तिसऱ्यांदा तोललं. आकडा हटेना.

"आंटी, राउंड करू ना! शंभरच झाले!"

"गोल करायला तो काय लाडू हाय?"

मग हेतलने दांडा हातात घेतला आणि ती चकित झाली. "अरे, केवढा जाड आहे हा! बोटं पूर्ण येत पण नाहीत. आजच्या दांड्याने हे एकशे दहा झाले असते, आंटी, एकशे पंधरा!"

"जाडीचा सत्कार हाय का? वजनाचा हाय," जमुना म्हणाली. या पोरींना वाटतं, दुखलं की फुंकर घालायची. तिला फुंकर नको होती. दोनशे ग्रॅम हवे होते. वाटीभर तांदूळ. एक पापलेट नाही, अर्धं पापलेट. चाळीस वर्षं जे ठणकावून सांगितलं त्यातून अर्धं पापलेट पडलं होतं, आणि तिला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. हितेशकडे जाऊन ती दोनदा म्हणाली, आकडा बदल. दोन्ही वेळा तो फोनवर होता.

संध्याकाळी तिला मंचावर चढवलं. शाल आली, नारळ आला, काचेची ट्रॉफी आली. हितेशने माइक धरून आवाज चढवला, "जिल्ह्यातली पहिली, शंभर किलो..."

टाळ्या सुरू होण्याआधीच जमुनेने त्याच्या हातातला माइक काढून घेतला. मासळीबाजारात जागा धरायची सवय असलेल्या हाताला ते अवघड नव्हतं.

"शंभर नाय," ती म्हणाली. आवाज एवढा मोठा आला की तीच दचकली. "मी शंभर समजून उचलले. आज तोलले. नव्व्याण्णव पॉइंट आठ भरले. आजवर ज्यांना ज्यांना शंभर सांगितलं, त्यांनी दुरुस्त करून घ्यायचं."

 कुणी हसलं, मग टाळ्या. हितेश खुणेने माइक मागत होता. तेवढ्यात पहिल्या रांगेतून चिंधू उठला.

"जमना, खाली बस! तुजा हिसाब चुकला!"

"तूच खाली बस. तुजा हिसाब आमी दोन दिवस बगतोय."

"अग गंज! काल हा दांडा तांबडा होता. ह्या सुजीतनं घासून तीन तास गंज काडला. तो आज काट्यावर कुठं चडला?"

"गंज मी उचलला नवता! तवा दांडा कोरा होता."

"कोरा होता म्हणजे जो गंज झडला तो तवा लोखंडच होता ना? दांड्यातलंच लोखंड! ते तू उचललंस का नाय?"

जमुनेने खांद्यावरची शाल सारखी केली. साताऱ्याचा सुजीत खुर्चीत अंग चोरून बसला होता आणि सगळा मंडप त्याच्याकडे वळून बघत होता. हेतल हाताच्या बोटांवर काहीतरी मोजायला लागली होती. चिंधू दोन्ही हात पसरून उभा, जणू ओतीव काम संपवून साचा फोडलाय आणि आता बघा.

हा माणूस बरोबर बोलत होता, याचाच जमुनेला फार संताप आला. तिने माइक तोंडाजवळ आणला.

"नव्व्याण्णव पॉइंट आठ," ती म्हणाली, "आन् वर गंज. किती, ते त्या सुजीतला विचारा. घासला त्यानं."