नंतरचा फोटो

झुरळवाल्याला किळस यायची ती माणसांची. झुरळ बिचारं उजेड पडला की पळतं, त्याला निदान लाज असते. माणूस उजेडात येऊन दात काढतो. आज तर त्याच्या दुकानात, झुरळं-ढेकूण मारायच्या औषधाच्या डब्यांमध्ये खुर्ची टाकून, त्याच्या बायकोचा सख्खा भाऊच लॅपटॉप उघडून दात काढत बसला होता.

दुकानाला वेबसाइट हवी, हे बायकोने डोक्यात घेतलं होतं. मेव्हणा त्याच धंद्यातला, म्हणजे काम घरचंच. झुरळवाल्याला हवं होतं साधं एक पान. नाव, काय काम करतो, कुठल्या भागात येतो आणि फोन नंबर. त्याची गिऱ्हाइकं लाजाळू. "गाडी गल्लीच्या तोंडाशी लावा, पंप पिशवीतून आणा," असं हळू आवाजात सांगणारी. घरात ढेकूण झालेत हे कुणी चारचौघांत बोलत नाही. अशांना गुपचूप नंबर सापडला की झालं.

"एका पानात काय होतंय, भाऊजी?" मेव्हणा म्हणाला. "लोकांना आधी घाबरवायचं असतं. हे बघा."

स्क्रीनवर एक तुकतुकीत झुरळ दुकानाच्या नावावरून तुरूतुरू चालत गेलं. खाली लिहिलं होतं, 'तुमचं घर, आमची तळमळ'. झुरळवाल्याने जन्मात कशासाठी तळमळ केली नव्हती. त्याच्याखाली दोन चौकटी होत्या, एक 'आधी' आणि एक 'नंतर'. 'नंतर'ची रिकामी होती. 'आधी'मध्ये एक स्वयंपाकघर होतं.

झुरळवाल्याने ते लगेच ओळखलं. कामावर गेला की झुरळं कुठे दडलीत ते लक्षात राहावं म्हणून तो फोनवर फोटो काढून ठेवायचा. सकाळी पंपांचे फोटो घे म्हणून फोन त्यानेच मेव्हण्याच्या हातात दिला होता. आता ओट्याखालचं ते उघडं कपाट पडद्यावर पसरलं होतं. डब्यांवर तेलाचा थर, सांडून वाळलेली साखर, आणि मागची भिंत झुरळांनी काळी झालेली.

मेव्हण्याने नाकाला रुमाल लावला, जसा काही लॅपटॉपमधून वास येणार होता. "माणसं राहतात की जनावरं हो इथं? असल्यांना उचलून घराबाहेर काढलं पाहिजे."

हा थट्टा करतोय का, म्हणून झुरळवाल्याने त्याच्याकडे निरखून पाहिलं. नव्हता करत. त्याने खरोखरच ओळखलं नव्हतं. ते त्याच्या आईचं स्वयंपाकघर होतं. त्याच ओट्याला टेकून हा गडी जेवून जेवून एवढा थोराड झाला होता.

सासूबाई एकट्या राहायच्या. नजर अधू झालेली. सांडलेलं दिसायचं नाही, खरकटं तसंच राहायचं. त्यांनी जावयाला गुपचूप बोलावलं आणि वचन घेतलं की पोरांना यातलं काही कळता कामा नये. मुलगी रडेल, आणि मुलाला निमित्तच मिळेल. घर विकून तो आपल्याला म्हाताऱ्यांच्या कुठल्या तरी संस्थेत नेऊन टाकेल. त्यांचं काही खोटं नव्हतं. घराला आज काय भाव येईल हे मेव्हणा अधूनमधून विचारून घ्यायचा. आईची चौकशी फोनवर.

"हा फोटो काढून टाक," झुरळवाला म्हणाला.

"एवढा जबरदस्त फोटो? कोण ओळखणार आहे?"

"कुणी ओळखत नाही, ते दिसतंच आहे. तरी काढ."

मेव्हण्याने नाक मुरडलं, पण काढला. फोनमधला झुरळवाल्याने स्वतःच्या हाताने पुसला.

"ठीक आहे, 'आधी'चा मी विकतचा टाकतो," मेव्हणा म्हणाला. "पण 'नंतर'चा खरा हवा. लख्ख स्वयंपाकघर." आणि त्याचा चेहरा उजळला. "आईचंच की. तिचं स्वयंपाकघर म्हणजे आरसा. रविवारी जाऊन काढून आणतो."

'नको' हा शब्द झुरळवाल्याच्या ओठांपर्यंत आला होता. एकच पान कर, फोटोबिटो काही नको, एवढं म्हटलं असतं की सासूबाईंचं गुपित राहिलं असतं आणि नावावर चालणारं ते झुरळही गेलं असतं. पण मग हा पोरगा आईच्या दारात जाणार कधी? शेवटचा कधी गेला होता, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

"बरं," तो म्हणाला. "हीच वेबसाइट करू." बोलताना त्याला स्वतःच्याच जिभेची शिसारी आली.

शनिवारी तो सासूबाईंकडे गेला. पँट दुमडून त्याने ओट्याखालचं कपाट रिकामं केलं, डबे घासले, भिंत खरवडून काढली. हात चालू ठेवूनच सांगितलं, उद्या तुमचा मुलगा येणार आहे.

"कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्हाला भेटायला."

सासूबाई उठल्याच. "मग मोठं पातेलंच काढते वरचं. त्याला आवडतं ते करते. जेवेल, जरा आडवा होईल, संध्याकाळी चहा घेऊन जाईल."

झुरळवाल्याच्या हातातला ब्रश थांबला. फोटो काढायला कितीसा वेळ लागतो? पायातले बूटही न काढता तो आत येणार, फोन पुढे धरणार, 'उशीर झाला, आई' म्हणणार. आणि भरलेलं पातेलं ओट्यावर तसंच राहणार.

तो उठला. धुऊन आणलेल्या पंपात त्याने नळाचं साधं पाणी भरलं.

"आज औषध मारावं लागेल," तो म्हणाला. "परवापर्यंत इथं काही शिजवायचं नाही, खायचं नाही. तुमचा डबा मी आणून देतो. त्याने विचारलं तर मुंग्या झाल्या होत्या म्हणा."

"औषधाला वास नाही येत?"

"हल्लीच्याला नसतो."

"पण मग तो थांबेल कशाला? उपाशीपोटी कोण थांबतं?"

"नाही थांबणार," झुरळवाला म्हणाला. "औषधामुळे."

सासूबाईंनी हातातलं पातेलं खाली आदळलं. "चांगलं साधलंत, जावईबापू. इतक्या दिवसांनी पोरगं येतंय, आणि त्याच्या तोंडी माझ्या हातचा घास पडू देत नाही तुम्ही. पोटात दुखतं तुमच्या, दुसरं काय."

"माझंच चुकलं," तो म्हणाला. मग तोंडाला मास्क बांधून तो घासलेल्या कपाटात पाणी फवारत बसला.