किनारा दिसत असताना

माझी बहीण ओदिल वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी सां-जां सरोवर पोहून पार करायला निघाली, तेव्हा आमच्या रोबेरव्हाल गावात कुणालाच नवल वाटलं नाही. चोवीस वर्षं ती तेच बोलत होती. तिच्या बेकरीत पाव घ्यायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "मग, यंदा नक्की ना?" कधी तिचं बाळंतपण आडवं आलं, कधी काडीमोड, कधी खांद्याचं ऑपरेशन. पण "नाही" असं ती कधीच म्हणाली नाही.

पहिल्यांदा ती निघाली तेव्हा बावीस वर्षांची होती आणि मी एकोणीस. सोबतच्या नावेत मी होतो आणि तिचा प्रशिक्षक नॉर्मां. नियम साधा होता: पोहणाऱ्याने नावेला हात लावला, किंवा नावेतल्या कुणी त्याला धरलं, की संपलं. दुपारी वारा सुटला. ओदिल वाकडीतिकडी जायला लागली. काही विचारलं तर तिच्या तोंडून शब्द धड फुटेना. नॉर्मां म्हणाला, जरा थांबू, सावरेल ती. मला थांबवेना. मी वाकून तिचं मनगट धरलं आणि तिला वर ओढलं. किनारा तेव्हा पाच किलोमीटरवर होता.

धक्क्यावर लोकांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मीच हात वर केला. नव्हतं जमत." त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. पुढे बोलायला लागली, पण त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिने माझी लाज राखली होती आणि तेच मला जास्त टोचायचं. तिच्या आयुष्याचं ध्येय मी एका हिसक्यात बुडवलं, असं मी मनाशी धरून बसलो होतो. म्हणून दर वर्षी मीच तिच्या मागे लागायचो. मे महिन्यात, बर्फ नुकताच वितळलेला असतो आणि पाण्यात हात घातला तरी हाडं दुखतात अशा दिवसांत, मी तिला सरावाला न्यायचो. ती एकदा पार झाली की मीही सुटणार होतो.

या ऑगस्टमध्ये एका स्वच्छ सकाळी आम्ही पलीकडच्या पेरिबोंकाहून निघालो. सुकाणूवर नॉर्मांच होता, आता पांढऱ्या दाढीचा. लांब काठीला बांधलेल्या पेल्यातून मी दर अर्ध्या तासाला ओदिलला कोमट सूप द्यायचो. तिचे हात घड्याळासारखे चालले होते. दुपारी गावातली घरं ओळखू यायला लागली.

तीनच्या सुमारास ती थांबली. पाण्यात पाय मारत तिने चष्मा कपाळावर सरकवला.

"रेजिस, तेव्हा मी कुठे थांबले होते?"

ती जागा मी झोपेतसुद्धा दाखवली असती. "मागे राहिली ती," मी म्हणालो. "अर्धा तास झाला."

"वाटलंच मला."

थोडा वेळ ती किनाऱ्याकडे बघत राहिली. मग नावेजवळ आली आणि तिने सरळ काठावर हात ठेवला.

नॉर्मांने एक शिवी हासडली. माझा तोल सुटला. हात काढ, अजून कुणी पाहिलेलं नाही, सव्वा तासाचं अंतर राहिलंय, तुला साधी धापही लागलेली नाही, इतकी वर्षं मग कशासाठी घालवलीस, असं मी तोंडाला येईल ते बोललो.

"एवढी हौस असेल तर तू पोह," ती म्हणाली. "आधी टॉवेल दे."

वर येऊन अंगाभोवती टॉवेल गुंडाळून ती बसली आणि शांतपणे बोलायला लागली.

"इतकी वर्षं वाटायचं, मला पलीकडे जायचंय. पण पलीकडे काय आहे? रोबेरव्हाल. तिथे मी रोज पाव विकते. मला फक्त एवढंच हवं होतं, की तू ओढलं नसतंस तर मी पोचले असते का, ते कळावं."

मी विचारलं, "आणि?"

"नसते पोचले. आजचा एकेक हात मला आठवतोय. तेव्हाच्या शेवटच्या तासातलं काहीच आठवत नाही. वारा नाही, तू नाहीस. मी बुडाले असते, रेजिस."

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"राग आला होता. नंतर त्या रागाचं काय करायचं ते कळेना, म्हणून पोहत राहिले."

जीव भांड्यात पडतो म्हणजे काय होतं, ते मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. मी तोंड फिरवून रडून घेतलं. नॉर्मांने इंजिन सुरू केलं. बऱ्याच वेळाने तो पुटपुटला की थांबू म्हणणारा तोच होता, आणि तेही काही तो विसरला नव्हता. ओदिलने त्याच्या पाठीवर थाप मारली.

धक्क्यावर तीसेक माणसं जमली होती. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळेना. ओदिलने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की आज ती आपणहून वर आली, आणि मागच्या वेळी तिला मी ओढून काढलं होतं, ते बरंच केलं. औषधवाल्याने धीर द्यायला म्हटलं, "असू दे, पुढच्या वर्षी."

"नाही," ओदिल म्हणाली. "आता नाही."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची आमची आई गर्दीतून वाट काढत पुढे आली. "बरं झालं बाई. ऑगस्ट आला की माझ्या पोटात गोळा यायचा. तुझ्या मनात आहे म्हणून गप्प बसायचे."

ओदिल तिच्याकडे वळली. "म्हणजे हे कुणालाच नको होतं?" आणि ती इतकी हसली की तिला तिथेच पायरीवर बसावं लागलं.

आता काय करणार, असं मी परवा तिला विचारलं. ते अजून ठरलेलं नाही म्हणाली, आणि ठरवायची घाईही दिसली नाही. उन्हं असली की ती लेकीबरोबर काठाकाठाने पोहते, मान वर काढून, गप्पा मारत. दमली की दोघी वाळूवर येऊन बसतात आणि बिस्किटं खातात.