पुढे मामा, मागे घोडा

मामांची घोडा शिकवायची रीतच न्यारी. नवा अडथळा आला की आधी स्वतः त्यावरून उडी मारायचे आणि मग मागे वळून म्हणायचे, "बघितलंस? आता तू." दोन वर्षं रावसाहेब नावाचा तो घोडा बघत आला आणि मागोमाग उड्या मारत आला. रावसाहेबाच्या पाठीवर भाची असायची आणि मामांच्या पाठीवर कुणी नसायचं, एवढाच काय तो दोघांत फरक.

परीक्षेच्या दिवशी मात्र मामांना दोरीच्या बाहेर उभं केलं. पहिल्याच ओंडक्यापाशी रावसाहेब थांबला आणि मान वळवून मामांना शोधू लागला.

"नकार एक," परीक्षक म्हणाले. भाचीने त्याला फिरवून पुन्हा आणला. "नकार दोन. तिसऱ्याला बाद."

बाद झाला तर सोमवारपासून घोडा विटांच्या गाडीला जुंपणार, असं मालकाने बजावलं होतं.

"मामा, बघत काय राहिलात? मारा उडी!" भाची ओरडली.

"अगं, गुडघा..."

"गुडघ्याचं मग बघू!"

परीक्षकांनी नियमांचं पुस्तक पालथं घातलं. "माणसाने पुढे उड्या मारू नयेत, असं कुठे दिसत नाही," ते खिन्नपणे म्हणाले. "आजवर कुणाला सुचलं नसावं."

मामांनी चष्मा खिशात घातला आणि सुटले. ओंडका झाला, कुंपण झालं, चर झाला. पुढे मामा, मागे घोडा. बघे आधी हसले, मग टाळ्या पिटू लागले.

शेवटी आला पाण्याचा खंदक. मामा काठावर गपकन थांबले. त्यांना पोहता येत नव्हतं, म्हणून हा एक धडा ते दोन वर्षं 'उद्या बघू' म्हणत टाळत आले होते.

मागे रावसाहेबही थांबला. त्याने पाण्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. मग परीक्षकांनी 'नकार तीन' म्हणायच्या आत चार पावलं मागे सरला आणि भाचीसकट झेपावून पलीकडे गेला.

"घोडा पास!"

मामांनी हुश्श केलं आणि खंदकाला वळसा घालून निघाले. पण रावसाहेब पलीकडच्या काठावरून हलेना. मागे वळून, मान खाली घालून तो मामांकडे बघत राहिला. ती नजर मामांनी ओळखली, त्यांचीच होती.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं नव्हतं.

"मामा," ते म्हणाले, "नकार एक."

मामा चार पावलं मागे सरले.