रिकाम्या फेऱ्या

कामातल्या रिकाम्या फेऱ्या कशा टाळाव्यात, यावर यहयाने आयुष्यभर पुस्तके लिहिली, देशोदेशीचे कारखाने सुधारले. निवृत्त होऊन तो भिवंडीला परतला, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या आईच्या सेवेलाही त्याने तीच शिस्त लावली. भावजय नबीलाने पाणी, चहा, गोळ्या एकाच खेपेत द्यायच्या.

आठवड्यातच आई म्हणाली, "मोठा शहाणा झालास रे! आधी नबीला दहादा यायची, दरवेळी मोहल्ल्याची एखादी खबर सांगायची. आता तबक ठेवून जाते. मी काय भिंतीशी बोलू?"

दुसऱ्या सकाळी यहया नुसते पाणी घेऊन तिच्याशेजारी बसला. सांगण्यासारखे काहीच त्याला सुचेना. मोहल्ल्यातली नावेही तो विसरला होता. आईने दोन घोट घेतले आणि दाराकडे पाहत विचारले, "नबीला कुठंय?"